वाचनालय कोणाच्या सोयीने उघडतं?



गावातलं वाचनालय ओस पडलं की कारण ठरलेलं असतं: लोक वाचत नाहीत, मोबाईलने वाटोळं केलं. मला हे पटत नाही. आपल्या इंदापूर तालुक्यातला बावडा-सराटीचा पट्टा घ्या. तुकोबांची पालखी याच वाटेने नीरेकडे जाते. इथे हरिनाम सप्ताह बसला की सकाळी मंडपात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बायकांच्या ओळी लागतात. पुढे व्यासपीठचालक, आणि समोर चष्मा सावरत, ओवीवर बोट ठेवून वाचणाऱ्या आज्या. सात दिवसांत नऊ हजार ओव्या! यांना वाचायचा कंटाळा आहे असं कोण म्हणेल? पण यातल्या वाचनालयाची पायरी चढलेल्या किती, ते विचारू नका.

चढणार कशा? वाचनालय उघडतं संध्याकाळी. त्याच वेळी घरी धारा काढायच्या असतात, भाकरी थापायच्या असतात. त्यातूनही एखादी निघालीच, तर दारातच पेपरच्या टेबलाभोवती बाप्ये बसलेले. ‘काय वहिनी, आज इकडं कुठं?’ एवढं एक वाक्य माघारी फिरवायला पुरतं. ते ऐकूनही आत गेली तर कपाटाला कुलूप. नाव सांगा, काढून देतो. जिला नावच माहीत नाही, चार पानं चाळून ठरवायचं आहे, तिने काय सांगावं? वर अनामत रक्कम आहेच.

यात ग्रंथपालाला धारेवर धरणंही बरं नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर ठेवला नाही. स्थानिक संस्थांनी ग्रंथालय चालवायचं आणि सरकारने अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान द्यायचं, अशी रीत पडली. 2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या वाट्याला वर्षाचे 48 हजार आले. त्यातच पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि माणसाचा पगार. मग तो माणूस दिवसा दुसरीकडे राबणार आणि संध्याकाळीच कुलूप काढणार. तपासणीला दाखल नोंदवहीतला आकडा नि कपाटातली पुस्तकं जुळली पाहिजेत, म्हणून तो कपाटही बंदच ठेवणार.

आता येतात कोण? भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. तलाठी, पोलीस, एमपीएससी. पुस्तकं त्यांची त्यांनीच आणलेली असतात. त्यांना हवी खुर्ची, पंखा, मोबाईलला चार्जिंग आणि दोन खोल्यांच्या घरात न मिळणारी शांतता. मागच्या कपाटातल्या कादंबऱ्यांकडे त्यांची पाठ असते, म्हणून काही जुने सभासद नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. शांत जागा मागणं हीसुद्धा ग्रंथालयाकडून रास्त अपेक्षा आहे.

न येणाऱ्यांसाठी काय करायचं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात दिलं गेलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. फिरती ग्रंथालयं सुरू झाली: लाकडी पेट्यांत पुस्तकं भरायची, गावोगाव फुकट पाठवायची, वाचून झाली की पेटी परत. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी वेगळी सोयही होती.

आपल्याकडे तर बचत गटाची बैठक दर महिन्याला कुणाच्या तरी ओसरीवर भरतेच. पंचवीस पुस्तकांची एक पेटी तिथे जाऊ द्या. बायकांसाठी म्हणून नुसत्या पाककृती नि व्रतकथा कोंबू नका. ‘स्मृतिचित्रे’ घाला, ‘बनगरवाडी’ घाला, आपल्या शेजारच्या फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ घाला. अनामत मागू नका. एखादं पुस्तक हरवलं, तर नोंदवहीत तांबड्या शाईने शेरा मारा आणि पुढच्या महिन्याची पेटी पाठवा.