भीती वाटते? मग तपासणी करा, आणि अहवालावर विश्वास ठेवा



विरार लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असे कागद चिकटवलेले असतात. असुरक्षित संबंधानंतर झोप उडालेला नालासोपाऱ्याचा एखादा मुलगा चाळीत बोभाटा होईल म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडे जात नाही आणि त्या कागदावरचा नंबर फिरवतो. कळकळीने सांगते, तो फिरवू नका. 1097 फिरवा. ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे, फुकट आहे. सरकारी रुग्णालयातलं जवळचं आयसीटीसी केंद्र त्यावर कळतं. तिथे समुपदेशन आणि एचआयव्हीची चाचणी मोफत होते. गरमी, परमा या गुप्तरोगांवरही सरकारी रुग्णालयात उपचार आहेत, आणि दोन्ही बरे होतात. वसईत कुणी बघेल असं वाटत असेल तर खुशाल मुंबईच्या केंद्रात जा.

प्रसंग घडून 72 तास उलटले नसतील, तर आज रात्रीच मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टरांना गरज वाटली तर 28 दिवसांच्या गोळ्या देतात, त्यांनी एचआयव्हीची लागण टळू शकते. वेळ टळून गेली असेल तरी चाचणी कराच. मात्र दुसऱ्याच दिवशीच्या चाचणीतून काही कळत नाही. रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. तीन महिन्यांनी केलेली चाचणी निगेटिव्ह आली, मधे नवा धोका घेतला नसेल आणि त्या गोळ्याही घेतल्या नसतील, तर प्रश्न मिटला.

पण पुष्कळांचा तो मिटत नाही. माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. घसा कोरडा पडतो, छाती धडधडते, रात्रभर मोबाइलवर लक्षणं वाचली जातात, मग नवी लॅब, नवा अहवाल. पहिल्या अहवालाने न आलेला धीर पाचव्यानेही येत नाही. अशा वेळी उपचार भीतीवर हवेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. त्यात लाज कसली?

आणि पॉझिटिव्ह आलं तर? केंद्रात एकाच किटवरून निदान पक्कं करत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटांवर पडताळतात. एचआयव्हीवरची सरकारी एआरटी औषधं 2004 पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

जाताना सोबत हवी असेल, तर विश्वासाचं एक माणूस न्या.