ईस्टरच्या रविवारचे नाटक

(ज्युबिलीनिमित्त, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, धर्मग्रामाच्या सभागृहात झालेले भाषण)



ज्युबिली समितीने मजकडे विषय सोपविला तो "आपल्या समाजातील कला व समारंभ" असा. विषय एवढा ऐसपैस आहे की, देवालयाच्या घंटेपासून लग्नातील बाजापर्यंत सर्व काही त्यात मावते. एवढा पसारा अर्ध्या तासात आवरणे माझ्या शक्तीबाहेरचे आहे, आणि मी तो आवरू लागलो तर ऐकत बसणे आपल्या शक्तीबाहेरचे होईल. यास्तव मी एकच दिवस निवडला आहे. तो दिवस म्हणजे 17 एप्रिल 1892. त्या दिवशी रविवार होता, आणि त्या वर्षीचा ईस्टरचा सणही त्याच दिवशी आला होता.

त्या दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात "इटालियन भुरगो" नावाचा एक खेळ झाला. भुरगो म्हणजे मुलगा. खेळ कोकणी भाषेत होता, आणि तो करणारे लोक गोव्याहून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेले आपले धर्मबंधू होते. ज्या नाट्यप्रकारास गोव्यात तियात्र म्हणतात, त्याचा हा पहिला प्रयोग समजला जातो. आज गोव्यात तियात्र अकादमी आहे, आणि 17 एप्रिल हा तेथे तियात्राचा दिवस म्हणून पाळला जातो. परंतु हे मूल जन्मले ते गोव्यात नव्हे, आपल्या ह्या शहरात, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

कोणी म्हणतील, आम्ही मराठी बोलणारे; कोकणी खेळाचे कौतुक आम्हांस कशाला? शंका रास्त आहे. पण ज्या गोव्यात हे लोक वाढले, तेथेच फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी आपल्या भाषेत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिले आणि ते 1616 साली छापून निघाले. घरे वेगळी असली तरी परसू एकच आहे. शिवाय मला आज जे सांगावयाचे आहे ते भाषेपेक्षा त्या माणसांविषयी अधिक आहे.

लुकासिन्यु रिबेरो नावाचा बार्देशातील एक तरुण नोकरीच्या शोधात मुंबईस आला. त्या सुमारास एक इटालियन ऑपेरा मंडळी येथे खेळ करीत होती. त्या खेळाने तो असा भारून गेला की, त्याने त्याच मंडळीत पडदा ओढण्याचे काम धरिले आणि तिच्याबरोबर हिंदुस्थानातील इतर शहरेही पाहिली. ज्याच्या हाती पडद्याची दोरी असते त्याला खेळ रोज पाहावयास मिळतो, आणि तोही बाजूने, जेथून सोंगाचा रंग व घाम दोन्ही दिसतात. मंडळी परत जावयास निघाली तेव्हा रिबेरोने तिचे काही वापरलेले पोशाख विकत घेतले. मग कायतानिन्यु फर्नांडिस व जुवांव आगुस्तिन्यु फर्नांडिस ह्यांस सोबत घेऊन "गोवा पोर्तुगीज ड्रॅमॅटिक कंपनी" उभी केली. नाव मोठे भारदस्त! भांडवल म्हणजे जुने कपडे आणि हौस.

आता ईस्टरचाच दिवस का? ह्याचे उत्तर आपणां कॅथलिकांस पुस्तकात शोधावे लागत नाही. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गाणेबजावणे बंद, लग्ने बंद. पवित्र आठवड्यात तर घरात मोठ्याने हसले तरी आजी डोळे वटारी. अशा मौनानंतर जो रविवार उजाडतो त्या दिवशी मनुष्याचे मन आपोआप उत्सवाकडे धावते. बाहेर चैत्राची पालवी फुटलेली, गिरगावात गुढ्या उभारून झालेल्या किंवा उभारावयाच्या. घरापासून दूर, एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी ती सायंकाळ कोठे घालवावी?

एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी, असे मी मुद्दाम म्हटले. गोव्याच्या लोकांच्या 'कुडी' आपण धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत पाहिल्या असतील. एकेका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली ही बिऱ्हाडे. आचारी, बटलर, शिंपी, वाजंत्री, जहाजावरचे खलाशी, सारे तेथे उतरत. भिंतीशी ट्रंका रचलेल्या, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि रोज सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. हे वाचून लालबाग-परळच्या मंडळींस काही वेगळे वाटणार नाही. तेथील चाळींत रत्नागिरीकडून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोलीत असेच राहत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी त्याच जागी अंग टाकी. त्यांनीही आपल्याबरोबर नमन, दशावतार, भजन आणले. पुढे 1922 साली सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर हॉल बांधिला, आणि दिवसा सूत काढणारे हात रात्री तेथे तोंडास रंग लावू लागले. धोबीतलावचा खलाशी आणि परळचा साचेवाला ह्यांची गाठ पडली असेल की नाही कोण जाणे. पण दोघांचे दुखणे एक होते आणि औषधही एक होते.

तियात्राचा घाट मोठा गमतीचा असतो. कथा चालू असते, मध्येच पडदा पडतो, आणि एकटादुकटा किंवा तिघे पुढे येऊन गाणे म्हणतात. ह्या गाण्यांस कांतारां म्हणतात. त्यांचा कथेशी बहुधा काडीचा संबंध नसतो. कोणी महागाईची खोड काढतो, कोणी राज्यकर्त्यांची, कोणी सासवांची. खाली ट्रंपेट, सॅक्सोफोन व ढोल तयारच असतात. आमच्यातील सुशिक्षितांस हा प्रकार ओबडधोबड वाटतो. मलाही पूर्वी वाटे. आता वाटते की, ज्या मनुष्याने सहा दिवस दुसऱ्याच्या टेबलावर थाळ्या मांडल्या, त्याने सातव्या दिवशी चव्हाट्यावर उभे राहून आपल्या मनातले दोन शब्द ठणकावून म्हणावे, ह्यासाठीच ती फट ठेविली असावी.

आणि हे नुसते हसणे नव्हते. त्या पहिल्या खेळाच्या वेळी जुवांव आगुस्तिन्यु फर्नांडिस अवघे वीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी स्वतः नाटके लिहिली, आणि लोक त्यांस तियात्राचे जनक मानू लागले. 1904 साली त्यांनी "भाटकार" हे नाटक रंगभूमीवर आणिले. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकारावर होणारा जुलूम त्या नाटकात दाखविला होता, आणि पाहणाऱ्यांत मुंडकारांचीच मुले बसली असणार. ह्याच नाटकात त्यांच्या पत्नी रेजिना फर्नांडिस ह्यांनी भूमिका केली. तियात्रातील त्या पहिल्या स्त्री नटी होत. मराठीच्या नामांकित संगीत मंडळ्यांत त्या वेळी स्त्रियांची कामे पुरुष करीत होते. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते त्याच्या पुढच्या वर्षी. एका कॅथलिक घरातील विवाहित स्त्रीने नवऱ्याबरोबर रंगभूमीवर उभे राहणे त्या काळी किती धैर्याचे काम होते, ह्याचा विचार येथे बसलेल्या भगिनींनीच करावा. जुवांव आगुस्तिन्यु 1947 साली वारले.

असो. आता घरच्या गोष्टीकडे येतो, आणि ती सांगणे मला सुखाचे नाही.

ह्याच सभागृहात, मी जेथे उभा आहे त्या फळ्यांवर, दरवर्षी ईस्टरच्या सायंकाळी आपल्या तरुणांचे मराठी नाटक होत असे. मी स्वतः दोन वर्षे रोमन शिपाई झालो. एका वर्षी माझा पुठ्ठ्याचा भाला ऐन प्रसंगी वाकला आणि सारे सभागृह हसले. माझे वडील सर्वांत मोठ्याने हसले. चौदा वर्षांपूर्वी ही प्रथा बंद पडली. ती आपोआप बंद पडली असे आपण एकमेकांस सांगतो. ते खरे नाही. त्या वर्षी हिशेबाची वही माझ्याकडे होती. नाटकास खर्च येतो, तालमींमुळे सभागृह भाड्याने देता येत नाही, तिकिटे खपत नाहीत, असे मीच समितीपुढे लिहून दिले. आकडे बरोबर होते. कोणी विरोध केला नाही, कारण आकड्यांस विरोध करण्याची आपल्यात चाल नाही.

पुढच्या वर्षी उपवासकाळात एक म्हातारी बाई मला देवालयाच्या पायऱ्यांवर भेटली. नाटकाचे कपडे तीच शिवून देत असे. तिने विचारले, "बाबा, यंदा किती अंगरखे शिवायचे?" तिला कोणी कळविलेच नव्हते. मी काहीतरी उत्तर देऊन निघून गेलो. ती आता नाही. तिने शिवलेले सात अंगरखे मात्र सभागृहाच्या माळ्यावर ट्रंकेत आहेत; परवा मी ते उतरवून पाहिले. दोन कसरीने खाल्ले आहेत, पाच धडके आहेत.

आज उपवासकाळाचा पहिला रविवार आहे. ईस्टरला बरोबर सहा आठवडे उरले आहेत. सभागृहाच्या वहीत त्या दिवशीची सायंकाळ अजून कोरी आहे, हे मी काल पाहून आलो. उपवासकाळात तालीम करणे योग्य काय, असे कोणी विचारील. ज्यांनी तालीम केली आहे ते जाणतात की, तिच्यासारखे प्रायश्चित्त दुसरे नाही. खर्चाचे म्हणाल तर त्याचा पहिला वाटा मी उचलतो. ते देणे माझ्याकडे निघतेच. मुलांस मराठी धड वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती लहान नाही. त्यास उपाय म्हणून संवाद तोंडी शिकवावे, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी ते रोज रात्री रोझरीनंतर म्हणवून घ्यावे. आपल्या घरच्या बोलीत एकदोन गाणी मध्ये घालावी. कथेशी संबंध नसला तरी चालेल!

अध्यक्ष महाशयांनी परवानगी दिल्यास पहिली बैठक येत्या शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती संपल्यावर, येथेच घेऊ. पाच शिपाई, तीन स्त्रिया व एक पेटी वाजविणारा पाहिजे. ढोल वाजविणारा मिळाला आहे. पडदा ओढावयास मी आहे.