बांधावर फिरणारे आणि बांधाखाली राहणारे

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागे कामासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा सकाळी पाषाणच्या तलावावर चक्कर मारली. इंग्रजांच्या काळात रामनदी अडवून केलेला तलाव. तेव्हा तो पाण्यासाठी बांधला, आज लोक तिथे पक्षी बघायला आणि पाय मोकळे करायला येतात. सगळे पाण्याकडे बघत चालले होते आणि मी उलट्या बाजूला, पायथ्याकडे. सोबतच्या मित्रानं विचारलं, "काय हरवलं का?" म्हटलं, मातीचा बांध दिसला की माझी नजर आधी पायथ्याला जाते. जुनी खोड आहे.

पाषाणचा बांध धोक्यात आहे असं मी म्हणत नाही, मी तो तपासलेला नाही. पण फिरायला केलेल्या कुठल्याही तलावाची एक अडचण असते. बांधावर फरशी बसवली की माथा खचलेला दिसत नाही. उतारावर हिरवळ लावून रोज पाणी मारलं की पाझराची ओल कुठली आणि नळाची कुठली ते कळत नाही. सावलीसाठी लावलेल्या झाडाची मुळं भरावात शिरतात. झाड वठलं, मूळ कुजलं, की पाण्याला आयती नळी मिळते.

पुण्यानं मातीचा बांध फुटलेला पाहिलाय. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण पुरं झालं नव्हतं, पाणी सोडायच्या विमोचकाचं काम अर्धवट होतं, तरी पावसाळ्याचं पाणी साठलं. भराव खचत गेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं आणि नदीकाठचं पुणं बुडालं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते टिकत नाही, एवढं यातून ध्यानात ठेवा.

धरण मोठं असलं तरच माणसं मरतात असंही नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं. लहानसं मातीचं धरण. वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळती लागलीय हे गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे बांध पोखरतात, घुशीही पोखरतात. म्हणून तर बांधावर राखणदार लागतो! बिळं बुजवायचं काम काही खेकड्याचं नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या भागात बांधाच्या पोटात गाभ्याला काळी माती घालतात, कारण तिच्यातून पाणी लवकर जात नाही. पण काळ्या मातीचा स्वभाव कापूसवाल्याला मी काय सांगू? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढी भेग पडते. म्हणून तिच्यावर मुरमाचं पांघरूण असतं. आपण काय करतो? रस्त्याला लागला, घराला लागला, की बांधाचाच मुरूम उकरून नेतो. गाभा उघडा पडतो, चैत्र-वैशाखात तलाव कोरडा, भेगा खोल जातात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात तलाव एका रात्रीत भरतो. पाणी भेगेत शिरतं.

दुसरं पाप सांडव्याचं. चार दिवस जास्त पाणी मिळावं म्हणून सांडव्यावर मातीची पोती टाकणारे या सभेतही बसलेले असतील. हसू नका. तेवढंच पाणी माथ्यापर्यंत चढतं, आणि एक ढग जास्त बरसला की बांधावरून वाहतं.

पायथ्याला पाझर दिसला तर लगेच घाबरू नका. नितळ पाणी मातीच्या बांधातून थोडं येतच असतं. ते एका काचेच्या पेल्यात धरा. गढूळ असेल, गाळ बसत असेल, किंवा पाण्याची धार आठवड्यात वाढली असेल, तर बांधाच्या पोटातली माती चाललीय. तिथे चिखलाचा बोळा कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड टाका. पाणी जाऊ द्या, माती अडवा. ही तात्पुरती मलमपट्टी. त्याच तासाला खालच्या वस्तीला उठवा, आणि कार्यालयाला कळवा.

कुठल्या कार्यालयाला, हाच तर घोळ आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. आपले बहुतेक पाझर तलाव यात बसत नाहीत. आमच्याकडच्या एका तलावाच्या भरावात माणूस उतरेल एवढं भगदाड पडलं होतं. मी अर्ज घेऊन गेलो. एका कार्यालयानं सांगितलं, तलाव आम्ही हस्तांतरित केला. दुसऱ्यानं सांगितलं, आमच्या ताब्यात आलाच नाही. दोन पावसाळे असे गेले. शेवटी गावानंच ते भगदाड मोकळं खोदलं, मुरूम-माती ओलवून वीत-वीत थरानं धुम्मस केली. तलाव कोणाचा, हे मला आजही लेखी मिळालेलं नाही.

म्हणून आज जाताना प्रत्येक गावानं एक कागद न्या. त्यावर तलावाचं नाव, खालच्या बाजूला किती घरं, सांडवा मोकळा की बुजलेला, ओल कुठे, बिळं किती, बाभळी किती, एवढं मृगाच्या आधी लिहून आणा. सगळे कागद एकत्र करून आपण जिल्हाधिकाऱ्यांना देऊ आणि दर तलावापुढे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहून मागू. आणि सांडव्यावरची पोती तुमची तुम्हीच काढा, त्यासाठी अर्जाची गरज नाही.