थकल्या हाताचे काम महाग पडते



1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. इथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिले आणि गाव मागांच्या खडखडाटात वाढले. त्या मागांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हक्कांवर याच गावात परिषद भरते आहे, याचा स्वागताध्यक्ष म्हणून मला अभिमान वाटतो.

कायदा पाळायचा तर धंदा परवडत नाही, असे आपण मालक मंडळी आपसात म्हणतो. मीही यंत्रमागधारक आहे, म्हणून हिशेबच मांडतो. एक विणकर सहा-आठ माग सांभाळतो. बाराव्या तासाला त्याच्या डोळ्यांवर झापड येते. उभा धागा तुटतो, माग चालूच राहतो आणि सदोष कापड विणले जाते. घडी घालताना दोष सापडतो, व्यापारी दर कापतो. जादा तासांची कमाई तिथेच जाते. आठवड्याला 48 तासांपलीकडच्या कामाला कायद्याने दुप्पट मजुरी ठेवली, ती उगाच नाही.

पगाराचेही तसेच आहे. सात तारखेच्या आत मजुरी हाती पडली, पीएफ जमा झाल्याचा मेसेज आला, ईएसआयच्या कार्डावर बायकामुलांना औषधोपचार मिळाले, की सणाला गावी गेलेला कामगार परत येतो. मजुरी अडकवून किंवा उचल देऊन बांधून ठेवलेला माणूस संधी मिळताच निघून जातो. मग माग बंद राहतात आणि नव्या माणसाचा हात बसेपर्यंत उत्पादन घटते.

वेळेवर पगार आणि विश्रांती या मागण्या नव्या नाहीत. 1884 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार मागितला होता. सुट्टी मिळायला 1890 साल उजाडले. त्या सुट्टीने गिरण्या बुडाल्या नाहीत, पुढच्या दशकात त्या वाढल्याच.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले, तर सांभाळून घ्या. मात्र कामगाराच्या हक्कात उणे राहू देऊ नका. परत गेल्यावर हजेरीपट आणि पगारपत्रक काढून बसा, 48 तास आणि सात तारीख या दोन गोष्टी याच महिन्यापासून काटेकोर पाळा, एवढीच कळकळीची विनंती.