मुहूर्त न मिळालेली निवडणूक

(कळंबोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कळंबोली आज ओळखली जाते ती लोखंडाच्या बाजारासाठी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. देशाच्या चारी दिशांचे ट्रक येथे येऊन थांबतात, सळ्या, पत्रे आणि तुळया भरतात व पुन्हा चारी दिशांना निघून जातात. अशा या वसाहतीच्या कडेला एक महाविद्यालय आहे, असे समजावे. ते सर्वस्वी कल्पित आहे. त्यामुळे कोणत्याही संस्थाचालकाने स्वतःच्या इमारतीकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. मात्र तेथे जे घडते ते महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांच्या अंगणात घडत आलेले आहे.

साल २०१४, महिना पावसाळ्याचा. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीला शिपाई येऊन सांगतो की ती विद्यार्थी परिषदेवर निवडून आली आहे. मुलगी घाबरते, कारण ती कोणत्याही निवडणुकीला उभी राहिलेली नसते. तिचे वडील लोखंडाच्या बाजारात माथाडी कामगार आहेत आणि त्यांना न विचारता ती कोठेही उभी राहत नाही. ती कार्यालयात जाते.

"सर, मला कोणी निवडले?"

"तुझ्या गुणांनी. गेल्या वर्षी वर्गात पहिली आलीस ना?"

"मग प्रतिनिधी म्हणून मी काय करायचे?"

"स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा."

"आणि एरवी?"

"एरवी अभ्यास करायचा. म्हणून तर तुला घेतले."

मुलगी हुशार असल्यामुळे ती आणखी एक प्रश्न विचारते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडकली आहे, आणि मानसरोवर स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत येताना ट्रकांच्या रांगांमधून मुलींना अंधारात चालावे लागते. हे विषय परिषदेत मांडता येतील काय? लिपिक चष्मा काढून तिच्याकडे पाहतो आणि सांगतो की परिषदेचे अध्यक्ष स्वतः प्राचार्य आहेत, तेव्हा विषय कोणते हे तेच ठरवतील. त्या वर्षी ते एकच विषय ठरवतात. पुष्पगुच्छ गुलाबाचा असावा की झेंडूचा!

ही व्यवस्था आली कशी, हे तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून खून झाला. घटना भीषण होती आणि त्या काळातील निवडणुकांत पैसा, गुंड व बाहेरच्या पुढाऱ्यांचा हात किती खोलवर गेला होता, हे तिने उघड केले. त्यावर उपाय म्हणून गुंडांना आवर घालणे शक्य होते. बाहेरच्या पुढाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवणेही शक्य होते. शासनाने तिसरा मार्ग पत्करला. निवडणूकच बंद झाली आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला प्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ केली. योगायोग असा की ज्या १९८९ साली हा खून झाला त्याच साली, मार्च महिन्यात, राज्यघटनेतील एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे अठरा वर्षांचा महाराष्ट्रीय तरुण देशाचा पंतप्रधान ठरवण्यास लायक झाला, आणि स्वतःच्या उपाहारगृहातील वडापावाचा भाव ठरवण्याच्या बाबतीत नालायक!

गुणवत्तेचे हे तत्त्व इतके थोर असेल तर ते महाविद्यालयाच्या फाटकाशी का थांबावे? मतदारसंघातील ज्याला शालान्त परीक्षेत सर्वाधिक गुण असतील त्यालाच विधानसभेवर पाठवावे, असा ठराव एखाद्या मंत्रिमहोदयांनी मांडून पाहावा. तो संमत झाला तर सभागृहात किती ओळखीचे चेहरे उरतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. प्रतिनिधित्वासाठी आपल्यासारख्यांचा विश्वास लागतो, आणि तो प्रश्नपत्रिकेतून मोजता येत नाही. प्रत्येक कामगार संघटनेला हे ठाऊक आहे. गिरणीत सर्वात अधिक कापड विणणाऱ्याला मालकाने संघटनेचा चिटणीस नेमले असते, तर कामगारांनी त्याला काय म्हटले असते हे सांगायला नको.

तरीही राजकारण संपले नाही. परिषदेचा सचिव नेमलेल्या प्रतिनिधींनी आपसांतून निवडायचा होता आणि पुढे विद्यापीठाच्या परिषदेची निवड अशाच मूठभर मतांवर व्हायची होती. हजारो विद्यार्थ्यांना पटवण्यापेक्षा मूठभर गुणवंतांना मोटारीत घालणे सोपे असते. त्यामुळे विद्यापीठ प्रतिनिधींच्या पळवापळवीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. पुस्तकात डोके घालून बसलेला मुलगा अचानक एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी सहलीला जाई आणि मतदानाच्या सकाळी परत येई. आमदारांच्या सहलींचे शास्त्र महाराष्ट्राने पुढे मोठ्या प्रमाणावर पाहिले. त्याची प्राथमिक शाळा येथे होती. राजकारणविरहित विद्यार्थी परिषद घडवण्याच्या नादात शासनाने विद्यार्थ्यांना राजकारणातील सर्वात वाईट तेवढे शिकवले आणि चांगले ते, म्हणजे सभा, वाद, जाहीरनामा आणि पराभव पचवणे, यांपासून दूर ठेवले.

पुढे २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि मार्च २०१७ पासून लागू झाला. खुल्या निवडणुका पुन्हा होणार, असे त्याने वचन दिले. नियम करण्यात काळ गेला. २०१९ मध्ये हालचाल सुरू झाली तर विधानसभेची निवडणूक आडवी आली. मोठी निवडणूक असताना लहान निवडणूक नको, असे ठरले. २०२० मध्ये महामारी आली. ती ओसरली, २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभाही झाली, आणि महाविद्यालयांना मात्र त्याही वर्षी मुहूर्त सापडला नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधरांची निवडणूक २०२३ मध्ये थांबवली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर पुन्हा थांबवली गेली आणि शेवटी उच्च न्यायालयाने बजावल्यावर २४ सप्टेंबरला पार पडली. पनवेल महापालिका, जिच्या हद्दीत कळंबोली येते, तिची पहिली मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे तेथे प्रशासकाचे राज्य होते. विद्यार्थ्याला नेमलेला प्रतिनिधी आणि त्याच्या बापाला नेमलेला प्रशासक! एकाच घरात दोन पिढ्यांना एकच धडा मिळाला.

२०१९ च्या त्या हालचालीचे पडसाद आपल्या कल्पित महाविद्यालयातही उमटले होते. कळंबोलीच्या चौकात रातोरात फलक लागले. एका वाहतूकदाराचा मुलगा आणि एका बांधकाम व्यावसायिकाचा पुतण्या, दोघेही 'भावी जी.एस.' फलकांवर त्यांचा चेहरा तळहाताएवढा आणि दादांचा चेहरा पाटाएवढा. विद्यार्थी निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने ज्या शिफारशी केल्या व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, त्यांत छापील फलकांना बंदी आहे आणि उमेदवाराची खर्चमर्यादा पाच हजार रुपये आहे. ही अडचण दोन्ही गोटांनी सहज ओलांडली. फलक निवडणुकीचे नव्हतेच. ते वाढदिवसाचे होते. त्या महिन्यात वाणिज्य शाखेतील अकरा जणांचे वाढदिवस आले आणि त्यांतील दोघांचे दोनदा आले.

जाहीरनामेही निघाले. एकाने वातानुकूलित उपाहारगृह देऊ म्हटले, दुसऱ्याने त्याच उपाहारगृहात नामवंत गायकाचा कार्यक्रम ठेवू म्हटले. शिष्यवृत्ती, शुल्क, वसतिगृह आणि तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक यांविषयी दोघांचे पूर्ण एकमत होते. दोघेही त्यांबद्दल काही बोलले नाहीत. निवडणूक पुढे गेली तेव्हा फलक उतरवले गेले आणि त्यांचा खरा उपयोग झाला. ट्रक तळावरील एका चालकाने भावी जी.एस.ना सिमेंटच्या पोत्यांवर अंथरले आणि पावसात माल कोरडा राहिला. आतापर्यंत कोणत्याही उमेदवाराकडून कळंबोलीच्या जनतेची झालेली ही सर्वात प्रत्यक्ष सेवा होय.

लिंगडोह समितीच्या शिफारशी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के हवी. त्याच्यावर फौजदारी खटला चाललेला नसावा. पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी आयुष्यात एकदाच उभे राहता येईल. पदवीच्या विद्यार्थ्याचे वय बावीसच्या पुढे नसावे. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा. हे सारे योग्यच आहे. फक्त एवढेच मनात येते की हेच नियम ज्यांनी विद्यार्थ्यांना लावले त्यांनाही लावून पाहिले तर? लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपये खर्चण्याची मुभा आहे. सभागृहातील हजेरीची अट नाही. खटल्यांची यादी शपथपत्राला जोडली की भागते. आणि युवक आघाड्यांचे अध्यक्ष तर चाळिशी ओलांडूनही युवकच असतात. वीस वर्षांच्या मुलाकडून जे चारित्र्य कायद्याने मागितले जाते, त्याच्या नेत्याकडून ते विनंतीनेही मागितले जात नाही.

आता विनोद बाजूला ठेवून नुकसान पाहू. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाईचा प्रयोग केला. निकाल महिनोन्महिने रखडले, अनेकांचे पुढचे प्रवेश व नोकऱ्या हुकल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या काळात लाखो विद्यार्थ्यांच्या वतीने अधिकाराने बोलणारा, त्यांनी स्वतः निवडून दिलेला एकही माणूस विद्यापीठात नव्हता. याच नव्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती ठेवली आहे. अंदाजपत्रक तिच्यापुढे येते आणि तीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना जागा आहे. निवडणूक नाही म्हणून निवडलेला अध्यक्ष नाही, निवडलेला अध्यक्ष नाही म्हणून ती जागा नावापुरती राहते, आणि महाविद्यालयाचा पैसा कोठून येतो व कोठे जातो हे विचारणारा त्या टेबलाशी बसत नाही. निवडणुकीला मुहूर्त का सापडत नाही, याचे उत्तर शोधायला पंचांग उघडण्याची गरज नाही.

निवडणूक म्हणजे हिंसा, असे सांगणाऱ्यांना १९८९ चा खून आठवतो. तो विसरूही नये. परंतु ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत डोकी फुटली म्हणून कोणी ग्रामपंचायती गुणवत्ता यादीवर नेमल्या नाहीत. शिवाय विद्यार्थ्यांच्या लहान मागणीत मोठे बळ असते, हे सत्ताधाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे दर वाढले, त्यावरून ठिणगी पडली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या उंबरठ्यापाशीही असाच इतिहास आहे. कळंबोली ज्या नवी मुंबईचा भाग आहे ती शेतकऱ्यांच्या जमिनींवर उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या शेतकऱ्यांची नातवंडे आज या महाविद्यालयांत शिकतात. आजोबांनी हक्क मिळवला तो संघटनेने. नातवाला मात्र अर्ज करून वाट पाहायला शिकवले जाते.

या प्रकरणी पुरोगामी चळवळीनेही आरशात पाहिले पाहिजे. विद्यार्थी आघाडी म्हणजे मोर्चाला माणसे पुरवणारे खाते, अशी समजूत आपल्याही कार्यालयांत आहे. निवडणुका बंद झाल्या तेव्हा विरोधाचे ठराव झाले. त्यानंतर महाविद्यालयाच्या फाटकाशी नियमित जाणारा कार्यकर्ता दुर्मीळ होत गेला. ती मोकळी जागा वाढदिवसांच्या फलकांनी भरून काढली, यात नवल ते काय?

तेव्हा काम साधे आहे. निवडणुकीची तारीख मागणारे निवेदन प्रत्येक महाविद्यालयातून सह्यांनिशी गेले पाहिजे. विकास समितीच्या बैठकी कायद्याप्रमाणे वर्षातून चार वेळा होतात काय, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. शुल्काच्या पावतीवरील प्रत्येक रकमेचा हिशेब मागितला पाहिजे. आणि निवडणूक होवो वा न होवो, वर्गावर्गांतून विद्यार्थ्यांच्या उघड सभा भरल्या पाहिजेत, ज्यांत विषय विद्यार्थीच ठरवतील.

२०१४ सालची ती मुलगी आज कोठे असेल ते सांगता येत नाही. पण रस्त्यावरील दिव्यांचा तिचा प्रश्न कोणत्याही कार्यवृत्तात नोंदला गेला नाही, एवढे नक्की. तो विचारायला त्या महाविद्यालयात आज दुसरी मुलगी आहे. संध्याकाळची तासिका सुटण्याच्या वेळी तेथे जाऊन तिला भेटावे आणि तिचे म्हणणे लिहून घ्यावे. सुरुवात तेथून करावी.