येझदीचा फोटो

सुरतेतल्या आपल्या किती घरांत अजून येझदी असेल? म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. भंगारवाला दारात येण्याआधी तिचा एक नीट फोटो काढून ठेवा.

डुमसला सकाळी लवकर जा. सूर्य पाठीशी, समुद्र समोर, मध्ये गाडी. दुपारच्या उन्हात क्रोमवर नुसते पांढरे डाग दिसतात. तिथल्या काळ्या वाळूत स्टँड रुततो, खाली फळी ठेवा. उभ्याने फोटो काढू नका. गुडघ्यावर बसून टाकीच्या उंचीला या. हँडलमागे विजेचा खांब नको, नाहीतर गाडीला शिंग फुटतं! दोन्ही बाजूंनी काढा, सायलेन्सर दोन्हीकडे आहेत. आणि डावीकडचा तो दांडा, किकही तोच, गिअरही तोच, नक्की दिसू दे. नातवंडांना सांगून खरं वाटत नाही.

घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, खारा वारा क्रोम खातो. सापुताऱ्याच्या घाटात ही कटकट नाही.

शेवटचा फोटो वडिलांना गाडीवर बसवून. गाडी स्टँडवरच असू द्या, हेल्मेट नको, चेहरा दिसला पाहिजे.