हिशेबात न दिसणारी बचत

अंदाजपत्रके वाचण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. झालेला खर्च तेथे पैपैने मांडलेला असतो. जो खर्च कोणाच्या तरी कष्टांमुळे टळला, त्यास मात्र रकाना नसतो.

पुण्याचे उदाहरण पाहू. तेथील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. तिचे सभासद, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, दारोदार कचरा गोळा करतात. घरोघरचे ठरीव शुल्क आणि भंगाराची विक्री यांवर त्यांचा चरितार्थ चालतो.

त्यांनी कागद, काच, पत्रा निवडून काढला, की तेवढा भार वाहून न्यावा लागत नाही आणि तो टाकण्यास जमीनही लागत नाही. टनावारी पैसे घेणाऱ्या ठेकेदाराचा लाभ कचरा वाढण्यात असतो; वेचणारीचे हित तो निवडला जाण्यात असते. केवळ दरांची तुलना करणाऱ्यास हा भेद दिसत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. सामावून घेणे म्हणजे केवळ ओळखपत्र देणे नव्हे. त्यांनी वाचविलेला पैसा हिशेबात मांडून त्यातील वाटा त्यांच्या पदरी घालणे होय. कोणाचे श्रम फुकट धरून दाखविलेली शिल्लक ही शिल्लक नसते; ते समाजाच्या माथ्यावरील देणे असते.